वरचे बारा लाख

"पायाळू जन्मलास तू, हिरामण. मीच ओढून काढला तुला. तेव्हापासून सगळं उलटंच करतोस."

सभागृहात हसू फुटलं. माणसं दोनशेवर, पंखे चार, त्यातले दोन चालू. साळवे सिस्टर टेबलासमोर उभ्या होत्या. खुर्ची दिली तरी बसल्या नव्हत्या. वय सदुसष्ट, अंगावर सुती पांढरी साडी, पायात नर्सचे काळे बूट. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी बूट तेच. नगरपरिषदेच्या प्रसूतिगृहात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. समोर बसलेल्या निम्म्या माणसांना त्यांनीच नाळ कापून जगात सोडलं होतं, आणि ही गोष्ट त्या कोणाला विसरू देत नसत.

"सिस्टर, मुद्द्यावर या," मी म्हणालो. "तुमची हरकत काय आहे?"

"हरकत तूच आहेस."

पुन्हा हसू. मीही हसलो. तेव्हा मला वाटलं होतं, म्हातारी बडबड करील आणि जाईल.

*

रकाना १ : नाव, पद व घटनेच्या वेळी आपण काय करीत होता

हा नमुना मला पुढे चौकशीत भरायला दिला होता. प्रत्येक रकान्याला दोन ओळींची जागा. तेव्हा मी तो कोरा परत केला. आज भरतो आहे. दोन ओळींत मावणार नाही.

हिरामण ढवळे, कर निरीक्षक, जांभूळनेर नगरपरिषद. घटनेच्या वेळी मी लोकांना त्यांच्या घरांच्या किमती सांगत होतो.

दर चार वर्षांनी नगरपरिषद गावातल्या घरांची नव्याने आकारणी करते. टेप घेऊन घर मोजायचं, सरकारी तक्त्यातला भाव लावायचा, किंमत काढायची, त्या किमतीवर कर बसवायचा. मग नोटिसा जातात. ज्याला पटत नाही तो हरकत घेतो, आणि हरकतींची सुनावणी होते. त्या वर्षी हरकती आल्या दोनशे बारा. सगळ्या प्रगती नगरातून.

प्रगती नगर म्हणजे टायर कारखान्यातल्या कामगारांनी कर्जं काढून बांधलेली तीनशे चाळीस घरं. कारखाना तीन वर्षांपूर्वी बंद पडला होता. मशिनं ट्रकवर चढून गुजरातला गेली, मागोमाग माणसं गेली. दर तिसऱ्या घराला कुलूप. भिंतींवर 'विकणे आहे' आणि खाली फोन नंबर, त्यातले दोन-तीन आकडे उन्हानं उडालेले. सरकारी तक्त्यातला भाव मात्र कारखाना चालू असतानाचा. तो तक्ता खाली आलेला मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिला नाही.

मी तोच भाव लावला. मला तेच सांगितलं होतं. हे वाक्य चौकशीत सगळेच लिहितात, म्हणून खोडतो.

मी तोच भाव लावला.

*

सुनावणीला तीन माणसं बसली होती. मधे मुख्याधिकारी बोधनकर साहेब, वय एकतीस, गावात येऊन आठ महिने झालेले. त्यांच्या डावीकडे नगराध्यक्ष तुळशीराम गांगुर्डे, सगळे त्यांना अण्णा म्हणत. उजवीकडे मी, रजिस्टर उघडून.

सुरुवातीलाच बोधनकरांनी मंत्रालयातून आलेलं पत्र वाचून दाखवलं होतं. त्यातली दोन वाक्यं मला अजून पाठ आहेत.

"आपल्या हद्दीतील मालमत्तांचे एकूण मूल्य पाहता नगरपरिषद स्वबळावर खर्च भागविण्यास सक्षम असल्याचे दिसून येते. सबब सहायक अनुदानात चाळीस टक्के कपात करण्यात येत आहे."

वाचून झाल्यावर त्यांनी कागद पालथा ठेवला. "म्हणजे आता आपल्याला आपल्या करावरच भागवायचं आहे. मी कोणाला घाबरवत नाही. हिशेब सरळ आहे. प्रगती नगराचा कर कमी झाला, तर एक एप्रिलपासून प्रसूतिगृह बंद. ठराव तयार आहे, फक्त सही राहिलीय. मग बाळंतिणीला जिल्ह्याला न्यायचं. बावन्न किलोमीटर, मधे घाट."

सभागृहाच्या मागच्या खिडकीतून प्रसूतिगृहाचा व्हरांडा दिसतो. तिथं बायका बसल्या होत्या, डबे घेऊन. एक म्हातारी कुंची शिवत होती. सगळ्यांनी एकदा तिकडं पाहिलं. बोधनकरांना तेच हवं होतं.

त्यानंतर पहिली हरकत पुकारली गेली ती सिस्टरची.

"सिस्टर, तुम्ही तरी," अण्णा म्हणाले. "सगळं आयुष्य त्या दवाखान्यात घालवलंत आणि आता त्याच्याच मुळावर उठलात? तुमचं पेन्शनसुद्धा याच करातून येतं."

"येतं? कुठं येतं रे, तुळशीराम? तीन महिने झाले, वाट बघतेय. आणि कर केवढा? दोन हजार नऊशेचे आठ हजार सातशे. न येणाऱ्या पेन्शनीतून न परवडणारा कर भरू?"

"गावासाठी थोडी झळ सोसायची."

"तुझ्या बंगल्याला किती लावलाय हिरामणनं?"

अण्णा पाणी प्यायले.

"मला दवाखाना बंद नकोय," सिस्टर बोधनकरांकडं वळल्या. "साहेब, तुम्ही शिकलेले आहात, मी नर्सिंगचं जी. एन. एम. केलेली बाई. पण ते पत्र मला कळलं. सरकार म्हणतंय, तुमच्या घरांच्या किमती एवढ्या आहेत, म्हणजे तुम्ही श्रीमंत. तुम्हाला अनुदान कशाला? बरोबर?"

"ढोबळपणे."

"आणि त्या किमती लावल्या कोणी?"

मी रजिस्टरचं पान उलटलं.

"ह्यानं," त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "खोटा ताप लिहिला की डॉक्टर खोटं औषध देतो. हा चार वर्षांपूर्वीचा ताप लिहितोय. खरा आकडा लिहा आणि सरकारला पाठवा. सांगा, आमचं गाव बसलंय. मग मागा अनुदान. भांडा. मी येते तुमच्याबरोबर मंत्रालयात, हे बूट घालून."

मागून कोणीतरी टाळी वाजवली. बोधनकर हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

"सिस्टर, खरा आकडा कोणता, हे कोण ठरवणार? तुम्ही?"

"मी कशाला? रजिस्टर ऑफिस."

आणि त्यांनी पिशवीतून कागद काढला. सूची दोन. घराची खरेदी नोंदवली की त्याचा हा एक पानाचा उतारा कोणालाही अर्ज करून मिळतो. मी तो कागद लांबूनच ओळखला. त्याची एक प्रत माझ्या कपाटात होती.

*

रकाना ४ : मालमत्तेचे वर्णन

घर क्रमांक ११८, प्रगती नगर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं ओटा, मागं नळ. फाटकाला कारखान्यातल्या भंगार सळईची कडी, घरमालकानं स्वतः वाकवलेली.

(त्या कडीची मी तेव्हा नोंद केली नव्हती. तिला रकाना नाही.)

*

"घर नंबर एकशे अठरा," सिस्टरनी वाचलं. "माझ्या भिंतीला भिंत. चार महिन्यांपूर्वी विकलं नामदेव बर्डेनं. टायर कारखान्यात फिटर होता, आता चाकणला ठेकेदाराकडं आहे. किंमत तीन लाख पंच्याहत्तर हजार. आणि हिरामणनं याच घराला किंमत लावलीय पंधरा लाख ऐंशी हजार. माझ्या एकशे एकोणीसलाही तेवढीच. दोन्ही घरं एका मापाची, एका गवंड्याची. आता सांगा साहेब, माझं घर केवढ्याचं?"

सभागृह एकदम सावध झालं. दोनशे अकरा माणसांना कळलं होतं की हा कागद त्यांचाही आहे.

बोधनकर मागं रेलले. "सिस्टर, खरेदीखतात कोण खरी किंमत लिहितो?"

आणि सगळे हसले. ज्यांच्या बाजूनं तो कागद होता, तेच सगळ्यात मोठ्यानं हसले. कारण त्यांनीही घरं घेतली होती. आमच्याकडं घराला दोन किमती असतात. एक लिहायची, एक द्यायची. मधला फरक पिशवीतून जातो, त्याला 'वरचे' म्हणतात. वरचे किती, हा प्रश्न लग्नातसुद्धा विचारतात. खरेदीखतात लिहिलेली किंमत खरी असेल असं मानणारा माणूस जांभूळनेरात भोळा ठरतो. सिस्टर आयुष्यभर नगरपरिषदेच्या क्वार्टरमध्ये राहिलेल्या, निवृत्तीच्या पैशांतून एकच घर घेतलेल्या, तेही सगळे पैसे चेकनं.

"हे कमीत कमी दाखवलेलं असणार," अण्णा म्हणाले. "वरचे वेगळे."

"नव्हते."

"तुम्हाला काय माहीत?"

"मला कशाला विचारता? घेणाऱ्याचं नाव वाचा ना."

बोधनकरांनी कागद ओढून घेतला. वाचला. मग माझ्याकडं न बघता, हळू, पण माईक चालू असल्यामुळं सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "वैजयंता हिरामण ढवळे."

वैजयंता म्हणजे माझी बायको.

"घेणारा इथंच बसलाय," सिस्टर म्हणाल्या. "विचारा त्याला, वरचे किती दिले."

*

रकाना ६ : सदर मालमत्ता आपण कशी संपादन केली

आकारणीसाठी मोजायला गेलो तेव्हा बर्डे घरीच होता. टेपचं दुसरं टोक त्यानंच धरलं. मापं झाल्यावर म्हणाला, "ढवळे साहेब, कोणी गिऱ्हाईक असलं तर बघा. साडेपाच लाखांपर्यंत देऊन टाकतो. चाकणला खोलीचं डिपॉझिट भरायचंय, पोरीची शाळा चालू व्हायचीय."

मी म्हणालो, "साडेपाच? इथं आता कुत्रं विचारत नाही, बर्डे."

तीन आठवडे मी त्याला तेच ऐकवत राहिलो. वेगवेगळ्या शब्दांत. समोरचं घर कसं वर्षभर पडून आहे, नळाला पाणी कसं दिवसाआड, उद्या दिवेही जातील. तो पाच म्हणाला, साडेचार म्हणाला. पावणेचारवर थांबला. थांबला म्हणजे गप्प झाला. सगळे पैसे चेकनं दिले. वर एक रुपया नाही.

त्याच आठवड्यात ऑफिसात बसून रजिस्टरमध्ये लिहिलं: घर क्र. ११८, मूल्य रुपये १५,८०,०००.

शाईचा रंगसुद्धा बदलला नव्हता. चेकवरच्या आणि रजिस्टरमधल्या, दोन्ही सह्यांचं पेन एकच.

*

पंधरा मिनिटांची सुट्टी जाहीर झाली. बोधनकरांच्या खोलीत आम्ही तिघं. दार लावलं तरी बाहेरचा कल्लोळ ऐकू येत होता.

"निर्लज्ज माणूस आहात तुम्ही," बोधनकर म्हणाले. "सांगायला काय झालं होतं?"

"साहेब, बायकोच्या नावावर घर घेणं गुन्हा नाही."

"ते जाऊ द्या," अण्णा म्हणाले. "हिरामण, खरं सांग. किती दिले?"

"पावणेचार."

"आमच्यापुरतं सांग रे."

"पावणेचारच, अण्णा."

अण्णांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांचा खिसा कापला होता. त्यांना ते पटलं नाही. मला वाटतं, मरेपर्यंत पटलं नसावं.

बोधनकरांना पटलं, आणि म्हणूनच ते जास्त चिडले. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. "ऐका. बाहेर जाऊन तुम्ही म्हणालात पावणेचार, तर तो बाजारभाव झाला. तोही कर निरीक्षकाच्या तोंडचा. दोनशे बारा हरकती मला मान्य कराव्या लागतील. चौदा लाखांची मागणी गेली. संध्याकाळी मी प्रसूतिगृहाच्या ठरावावर सही करीन आणि गावाला सांगीन, कोणामुळं."

"आणि सिस्टर म्हणतात तसं केलं तर? खऱ्या किमती पाठवून अनुदान मागितलं तर?"

"दोन वर्षं लागतील. तोवर पगार कोण देणार, तुम्ही? मला इथून बदली हवीय, ढवळे, आंदोलन नकोय."

एवढं खरं ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले.

"दुसरा रस्ता सोपा आहे," अण्णा म्हणाले. "म्हण, वरचे बारा लाख दिले. रोख. झालं. किंमत तुझ्या रजिस्टरएवढी झाली, हरकती फेटाळल्या, दवाखाना वाचला. तू सस्पेंड होशील, व्हायलाच लागेल. सहा महिने अर्धा पगार घे, घरी बस. मग आत घेतो. माझा शब्द."

"लेखी?"

"तोंडी बोल. लेखी कोण मागतंय?"

बोधनकर खिडकीकडं तोंड करून उभे राहिले होते. त्यांनी हे ऐकलं नाही, असं त्यांना पुढं म्हणता यावं म्हणून.

*

मी बाहेर येऊन माईकसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "वरचे बारा लाख पाच हजार रोख दिले. बर्डेच्या हातात. मला खेद आहे."

सभागृहातून एक आवाज आला. संताप नव्हता तो. "अस्सं!" म्हणतात तसा. सगळ्यांना आपलं गाव पुन्हा ओळखीचं वाटलं.

"खोटं बोलतोस," सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, मी माझाच गुन्हा कबूल करतोय."

"म्हणून तर खोटं. खरेदीच्या दिवशी नामदेव माझ्या ओट्यावर बसला होता. चहा दिला तर पेला धरता येईना, एवढा रडत होता. बारा लाख मिळालेला माणूस रडतो का?"

"आनंदानं रडला असेल!" मागून कोणीतरी ओरडलं.

सभागृह कोसळलं हसून. त्यांच्याच हरकती फेटाळल्या जाणार होत्या आणि ते हसत होते. सिस्टर वळून त्यांच्याकडं बघत राहिल्या. एकेका चेहऱ्याकडं. ह्याला आपण कधी काढलं, कुठल्या साली, असं आठवत असल्यासारख्या.

मग कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली.

"हसा," म्हणाल्या. "नोटिसा तुमच्याच घरी येणारेत."

दोनशे बारा हरकती फेटाळायला अर्धा तास लागला.

*

स्थानिक वर्तमानपत्राचं कात्रण, पान तीन :

कर निरीक्षकानेच मोजले बारा लाख! भर सुनावणीत कबुली. निलंबनाचे आदेश. विक्रेता नामदेव बर्डे यांच्याशी संपर्क होऊ शकला नाही.

शेवटचं वाक्य मी तेव्हा वाचलं नाही. वाचलं असेल, पण थांबलो नाही.

*

रकाना ९ : आपण असे का केले

प्रसूतिगृहासाठी. वैजयंताला हेच सांगितलं, भावाला, मेव्हण्यांना, पुढं चौकशी अधिकाऱ्यालाही तोंडी सांगितलं. ऐकणारे मान डोलवायचे. माझा स्वतःचाही बराच काळ विश्वास होता.

पण त्या माईकसमोर मला व्हरांड्यातल्या बायका दिसल्या नव्हत्या. मला दोनशे माणसं दिसत होती आणि त्यांच्यासमोर बोलायला दोन वाक्यं होती. पावणेचार म्हणालो असतो तर मी कोण होतो? ज्या घराला पंधरा लाख ऐंशी हजारांवर कर लावला, तेच घर अडलेल्या माणसाकडून पावणेचारला उपटणारा. गिधाड. आणि वरचे बारा लाख दिले म्हणालो तर कोण? जो तो जे करतो तेच केलेला एक माणूस. पकडला गेला, एवढंच. सुनावणी संपल्यावर जिन्यात दोघांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. एकानं विचारलं, "ढवळे, एवढे जमवले कसे हो?" आवाजात आदर होता.

मला तो आदर हवा होता. लिहिलं.

*

दोन महिन्यांनी, दुपारी. मी ११८ मध्येच राहायला आलो होतो. निलंबित माणसाला दुपार फार मोठी असते. ओट्यावर बसलो होतो, तेव्हा फाटकापाशी मोटरसायकल थांबली. पुढं एक तरुण, मागं बर्डे.

बर्डे उतरला आणि फाटकाबाहेर उभा राहिला. कडीला हात लावला नाही. त्यानंच वाकवलेली कडी.

"ढवळे साहेब, हा भास्कर. माझा धाकटा भाऊ. याला जरा सांगा."

"काय सांगू?"

"तुम्ही मला किती दिले ते."

भास्कर कडी काढून आत आला, ओट्याच्या कडेवर बसला. "साहेब, या घरात आमच्या बापाच्या ग्रॅच्युइटीचे पैसे होते. म्हणून विकल्यावर तिघा भावांत वाटे झाले. सव्वा-सव्वा लाख. यानं हिशेब दाखवला, आम्ही मान्य केला. मग पेपरात वाचलं. वरचे बारा. आता तुम्हीच सांगा, बारा भागिले तीन किती?"

"मी शपथ घेतली," बर्डे म्हणाला. "पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. तर उत्तम, मधला, म्हणतो, पैशासाठी माणूस पोरीच्या डोक्यावरही हात ठेवतो. माझ्या चाकणच्या खोलीवर येऊन त्यांनी गाद्या फाडल्या, साहेब. पिठाचा डबा उपडा केला. बायको माहेरी गेली. तीही जाताना विचारून गेली, खरंच कुठं ठेवलेत का म्हणून."

मी भास्करपुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

"सांगा ना साहेब. तुमचं काय जातंय आता?"

खरं होतं ते. अण्णांचा सहा महिन्यांचा शब्द सोडला तर काही जाणार नव्हतं. मी त्या शब्दाचा विचार केला. किती वेळ, ते लिहीत नाही. मग म्हणालो, "भास्कर, मी सभेत खोटं बोललो. पावणेचारच दिले होते. वर काही नाही. तुझा भाऊ खरं सांगतोय."

भास्कर माझ्याकडं बघत राहिला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर चक्क दया आली. लहान मुलाला समजवावं तसा म्हणाला, "साहेब, खरेदीखतात कोण खरी किंमत लिहितो?"

"पण मी सांगतोय ना."

"तुम्ही आज सांगताय. तेव्हा भर सभेत सांगितलंत, नोकरी घालवून. माणूस नोकरी घालवून खोटं बोलतो का? आज याच्या सांगण्यावरून बोलताय. काय ठरलंय तुमचं दोघांचं? निम्मं-निम्मं?"

कंपाउंडच्या भिंतीपलीकडून आवाज आला. "भास्कर, मी सांगते तुला. माझ्या डोळ्यांसमोरची गोष्ट आहे." सिस्टर. हातात ओला टॉवेल. त्या सगळं ऐकत होत्या.

"सिस्टर, तुम्ही सभेतही सांगितलं होतं," भास्कर म्हणाला. उद्धटपणे नाही. "तुमचं कोणी ऐकलं?"

सिस्टरनी टॉवेल पिळला. मग त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बघ. अख्ख्या गावाला जे केलंस, ते आता एकट्या नामदेवला झालं. नसलेल्या पैशावर मागणी."

बर्डे इतका वेळ फाटकाबाहेरच होता. तो आत आला. माझ्यासमोर उभा राहिला. अंगावर ठेकेदाराचा निळा शर्ट, खिशावर दुसऱ्याच कोणाचं तरी नाव.

"मग द्याच," तो म्हणाला.

"काय?"

"बारा लाख. दिले म्हणालात ना? मला मिळाले नाहीत. मग कुठं तरी असतील की. द्या."

"बर्डे, नाहीत रे. कधीच नव्हते."

"मग मी काय करू?" त्यानं विचारलं. ओरडला नाही. "तुम्ही ऑफिसातले, तुम्हाला माहीत असतं. नसलेले पैसे मागायला आले तर काय करायचं असतं? हरकत कुठं घ्यायची?"

मी म्हणालो, घर परत घे. म्हणालो, तसंच्या तसं घे, पैसे नकोत. बर्डेनं घराकडं पाहिलं. पुढच्या खोलीकडं, नळाकडं.

"याचं काय करू? याची किंमत काय?"

*

रकाना १२ : पुढील कार्यवाही

प्रसूतिगृह चौदा महिन्यांनी बंद झालं. वाढलेला कर प्रगती नगरात कोणी भरला नाही. नगरपरिषदेनं थकबाकीदारांच्या दारात ढोल वाजवायला माणसं पाठवली. कुलूपबंद घरांसमोरही ढोल वाजले, कारण यादीत ती घरं होती. पुढच्या वर्षी पुन्हा पत्र आलं, आपल्या हद्दीतील मालमत्तांचे मूल्य पाहता, आणि उरलेल्यातलं निम्मं अनुदान गेलं. बोधनकरांची बदली तोवर झाली होती. अण्णांनी मला आत घेतलं, सहा नाही, अकरा महिन्यांनी. आवक-जावक विभागात. टेप काढून घेतला.

व्हरांड्याला आता लोखंडी जाळी आहे. आत नगरपरिषदेची जुनी कचरापेटी आणि निवडणुकीची खोकी.

*

त्या दुपारी भास्कर उठताना म्हणाला होता, "याला जमत नसेल तर तुम्ही द्या, साहेब. आम्हाला कोणाच्याही हातचे चालतात. आमचे दोघांचे आठ. एकदम नको."

मी हो म्हणालो. का म्हणालो, याला रकाना नाही.

दर महिन्याच्या दहा तारखेला भास्कर येतो. पाच हजार घेतो, त्यातले निम्मे उत्तमला देतो. बर्डे त्यांच्या घरी दिवाळीला जाऊ लागला, असं ऐकलं. बायको परत आली. मी बारा लाख दिले, ही गोष्ट आता सगळ्यांच्या दृष्टीनं पक्की झाली आहे. नाहीतर मी हप्ते कशाला भरले असते?

सिस्टर पंच्याहत्तरच्या झाल्या. गुडघे गेले, बूट तेच. गेल्या महिन्यात भास्कर गेल्यावर भिंतीपलीकडून म्हणाल्या, "पावती देतो का रे तो?"

"नाही."

"घेत जा. तीनशे चाळीस घरांत खोट्या किमतीवर वसुली झाली ती तुझी एकट्याची."

त्या हसल्या नाहीत. मीही नाही.

रकाना १४ : आपणास आणखी काही सांगायचे आहे काय

उद्या दहा तारीख आहे.